घराच्या तपासणी अहवालावरून वाद झाला तर: कोल्हापुरात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी

सोलापूरहून बदली होऊन आम्ही कोल्हापुरात आलो, तेव्हा इथला पाऊस आम्ही फक्त ऐकला होता. एप्रिलमध्ये राजारामपुरीतला २० वर्षं जुना फ्लॅट पाहिला. सर्वांत वरचा मजला, डोक्यावर गच्ची. व्यवहाराआधी ८,००० रुपये मोजून एका फर्मच्या इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली. १४ पानांचा अहवाल आला, फोटोंसकट. त्यात लिहिलं होतं, ‘ओल/गळती : आढळली नाही.’

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कपाटातून साडी काढली तर तिला कुबट वास. कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीचा गिलावा पापडासारखा फुगला होता, बोटानं दाबला तर बोट आत गेलं. त्या रात्री अहवाल पुन्हा वाचायला घेतला. नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं, ‘फर्निचरमागील भाग तपासलेला नाही.’

पुढची दोन वर्षं त्या दोन वाक्यांमध्ये गेली. मी वकील नाही, पण त्या काळात कागद कसे बोलतात आणि कुठे गप्प बसतात ते जवळून पाहिलं. या वादांचा निकाल भिंतीवरच्या ओलीवर फारसा लागत नाही. तो लागतो तपासणीआधी काय लिहून घेतलं होतं यावर. म्हणून हा लेख भांडणापासून नाही, त्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू होतो.

पायरी १ : कोणता अहवाल कोणासाठी, ते ओळखा

घर घेताना तीन-चार ‘रिपोर्ट’ हातात येतात आणि नवा माणूस ते सगळे एकाच पिशवीत टाकतो. वकिलाचा सर्च रिपोर्ट मालकी आणि बोजा (घरावरचं कर्ज, दावे) सांगतो, भिंतीबद्दल काही नाही. बँकेच्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट बँकेसाठी असतो. कर्ज बुडालं तर या घरातून पैसे वसूल होतील का, एवढाच त्याचा प्रश्न. तो माणूस वीस मिनिटांत येऊन जातो, आणि त्याच्या फीचे पैसे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून गेलेले असले तरी तो बँकेला उत्तर देतो. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट इमारतीच्या सांगाड्याबद्दल असतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. विकणाऱ्याकडे ते मागा. नसेल तर ‘नाही’ असं लिहून मागा.

चौथा कागद म्हणजे तुम्ही स्वतः पैसे देऊन केलेली तपासणी. ग्राहक कायद्याखाली ‘सेवेत त्रुटी’ म्हणून भांडायचं असेल तर पाय रोवायला हाच कागद असतो.

इंग्लंडमध्ये चित्र थोडं वेगळं आहे. स्मिथ विरुद्ध एरिक बुश या खटल्यात १९८९ साली तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं कर्ज देणाऱ्या संस्थेनं नेमलेल्या सर्व्हेअरलाही घर घेणाऱ्या बाईंसमोर जबाबदार धरलं. खालच्या खोलीतला चिमणीचा भाग कोणीतरी काढून टाकला होता, आणि माळ्यावर उरलेल्या विटांना आधार आहे का हे सर्व्हेअरनं पाहिलंच नाही. पुढे त्या विटा छत फोडून खाली आल्या. रिपोर्टवर ‘आम्ही जबाबदार नाही’ असं छापलेलं असूनही त्याची सुटका झाली नाही. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, तेव्हा बँकेच्या रिपोर्टवर विसंबून घर घेऊ नका.

पायरी २ : तपासणीआधीचं पत्र

ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि आम्ही नेमकी हीच गाळली होती. फोनवर ठरलं, यूपीआयनं पैसे गेले, माणूस आला.

‘घर तपासणारा’ म्हणून आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही. आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या कायद्यानुसार होते, पण तपासणीचं काम कोणीही बोर्ड लावून करू शकतो. त्यामुळे काय तपासायचं याची सरकारी यादीही नाही. तुमचं पत्र हीच यादी. एक पान पुरे, ईमेलनं पाठवलं तरी चालतं, फक्त त्यांच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर यायला हवं.

त्या पानावर पुढच्या गोष्टी असू द्या. तपासणारा माणूस कोण, त्याचं शिक्षण काय आणि सही कोण करणार. कोणत्या खोल्या, गच्ची, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, वायरिंग. कोणती यंत्रं वापरणार. मॉइश्चर मीटर (भिंतीतली ओल मोजणारं यंत्र) आणणार असतील तर प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर कुठे लावला आणि आकडा काय आला हे अहवालात हवं. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर (मजबुतीचा अंदाज देणारा हातोडा) मारणार असतील तर एवढं लक्षात ठेवा की भारतीय मानकानुसारच त्या हातोड्याचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. त्या एका आकड्यावर ‘स्लॅब उत्तम’ असं लिहून देणारा माणूस घाई करतोय. आणि शेवटी हे वाक्य घालाच, ‘जो भाग तपासता आला नाही तो पहिल्या पानावर ठळक लिहावा आणि त्यासाठी पुढे काय करावं ते सांगावं.’ हे एक वाक्य आमच्याकडे असतं तर ती नवव्या पानावरची ओळ पहिल्या पानावर आली असती आणि आम्ही त्याच दिवशी कपाट सरकवलं असतं.

मग फर्म तिच्या छापील अटी पाठवते. त्यात तीन अटी हमखास दिसतात. पहिली, ‘आमचं दायित्व फीच्या रकमेपुरतं.’ ही सही करण्याआधीच खोडायला सांगा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आहे खरी, पण फक्त करार अनुचित आहे या मुद्द्यावरची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं. दुसरी, ‘वाद लवादाकडे जाईल.’ तिची फार भीती नको. लवादाची (न्यायालयाबाहेरच्या पंचाची) अट असली तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ साली स्पष्ट केलं आहे. तिसरी, ‘फक्त पुण्याच्या न्यायालयात दाद.’ कायद्यानं ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कोल्हापुरात राहून पुण्याच्या फर्मविरुद्ध इथेच तक्रार करता येईल.

पैसे फर्मच्या खात्यावर द्या आणि बिल घ्या. ओळखीतल्या इंजिनिअर भाच्यानं प्रेमानं फुकट बघून दिलं असेल तर त्याच्यावर ग्राहक म्हणून तक्रार होत नाही, कारण मोफत सेवा या कायद्यात बसत नाही.

पायरी ३ : तपासणीच्या दिवशी हजर राहा, आणि इथला पाऊस विसरू नका

कोल्हापुरात घर बघायला लोक उन्हाळ्यात येतात आणि घराचे दोष आषाढात वर येतात. मार्च ते मेमध्ये तपासणी करत असाल तर कोरड्या भिंतीवर समाधान मानू नका. एकाच भिंतीला ताजा रंग आहे का, छताच्या कोपऱ्यात पिवळसर कडा आहे का, गच्चीवरच्या कोब्याला भेगा आहेत का, पाणी जायच्या तोटीजवळ शेवाळाचा वाळलेला डाग आहे का, हे इंजिनिअरसोबत उभं राहून बघा. कपाटं हलवायला लावा. घरमालकाला अवघड वाटेल, वाटू द्या.

पेठांमधलं जुनं दगडमातीचं घर असेल तर तुळयांची टोकं, जिथे त्या भिंतीत शिरतात तिथे, टोचून बघायला सांगा. वाळवी आणि कुज तिथून सुरू होते.

पुराचं वेगळं सांगते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, कसबा बावडा या बाजूंना, विशेषतः तळमजल्याचं घर असेल, तर तपासणीच्या पत्रातच ‘पुराच्या खुणा’ असं स्वतंत्र कलम टाका. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लोणा फुटल्याचा (क्षाराचा) आडवा पट्टा दिसतो का, प्लग पॉइंट मुद्दाम वर सरकवलेत का, दाराच्या चौकटी खालून फुगल्यात का. नदीच्या पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. घर त्यांच्या आत आहे का हे नगररचना विभागात विचारा. आणि समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे तो बोट दाखवून सांगतो.

पायरी ४ : विकणाऱ्याला प्रश्न विचारा, कागदावर

आम्ही विचारलं होतं. घरमालक काका म्हणाले, “काय काळजी करू नका वहिनी, घर दगडागत घट्ट हाय.” आम्ही हसलो, चहा घेतला. ते वाक्य पुढे कुठेच कामाला आलं नाही, कारण ते हवेत विरलं होतं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला जो मोठा दोष माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही तुम्हाला सापडला नसता, तो त्यानं सांगायलाच हवा. ‘सर्वसाधारण काळजी’ या शब्दांवर थांबा. करार कायद्याच्या कलम १९ मध्येही असंच आहे. समोरच्यानं चुकीचं सांगितलं किंवा लबाडीनं गप्प राहिला, पण तुम्हाला नेहमीच्या तपासणीत सत्य कळू शकलं असतं, तर करार रद्द करण्याचा हक्क जातो.

इथे तपासणी अहवाल दुधारी होतो. अहवालात ‘पश्चिमेच्या भिंतीवर ओलीची शक्यता, पुढील तपासणी करावी’ असं असेल आणि तुम्ही ती न करता खरेदीपत्रावर सही केलीत, तर विकणारा म्हणेल, तुम्हाला कळलं होतं. तपासणारा म्हणेल, मी सांगितलं होतं. दोघंही बरोबर ठरतील. म्हणून अहवालातली प्रत्येक ‘पुढील तपासणी करावी’ ही ओळ सहीच्या आधी निकालात काढा.

विकणाऱ्याला साधे प्रश्न व्हॉट्सअॅपवर पाठवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी केलं? २०१९ आणि २०२१ ला पाणी आत आलं होतं का, किती फूट? कुठे गळती झाली होती का, दुरुस्ती कोणी केली? उत्तर आलं तर पुरावा झाला. उत्तर टाळलं तर तेही लक्षात घ्या.

इसार देताना किंवा साठेखतात (खरेदीपत्राआधीच्या करारात) एक अट घालून घ्या, की तपासणीत मोठा दोष निघाल्यास इतक्या दिवसांत इसार परत. इथले एजंट यावर नाक मुरडतात, पण तयार होतात. ‘आहे त्या स्थितीत मान्य’ हे वाक्य साठेखतात दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

पायरी ५ : दोष दिसल्यावर पहिले पंधरा दिवस

पहिली इच्छा असते गवंड्याला बोलवायची. थांबा. पाणी घरात धो धो येत असेल तर ताडपत्री टाका, धोका असेल तर टेकू द्या, पण गिलावा खरवडू नका.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा एक निकाल आहे, एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल. माल शेंगदाण्याचा, पण आपल्या कामाचा. निर्यातीआधी तपासणी संस्थेनं शेंगदाणे योग्य ठरवले, परदेशात पोचल्यावर ते खराब निघाले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं भरपाई दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची, आणि नंतर माल खराब निघाला एवढ्यानं तपासणीच्या वेळची चूक सिद्ध होत नाही. भिंतीलाही हेच लागू. आज ओल आहे हे पुरेसं नाही. तपासणीच्या दिवशी तिची खूण तिथे होती आणि नीट काम करणाऱ्या इंजिनिअरला ती दिसायला हवी होती, हे दाखवावं लागतं.

म्हणून हे क्रमानं करा. मोबाइलनं व्हिडिओ काढा, लांबून जवळ जात, मूळ फाइल फोनमधून पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मूळ उपकरणाशी बांधलेलं असतं. मग तपासणाऱ्या फर्मला ईमेल आणि स्पीड पोस्टानं कळवा, ‘इतक्या दिवसांत येऊन पाहा, त्यानंतर दुरुस्ती करणार.’ ते आले तर दोघांच्या समोर गिलावा काढा. नाही आले तर त्यांना संधी दिली होती हे कागदावर येतं. आणि दुसऱ्या, त्यांच्याशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून लेखी मत घ्या. त्याला फक्त भिंत दाखवू नका, पहिला अहवालही द्या.

आमच्या बाबतीत याच दुसऱ्या इंजिनिअरनं प्रकरण वळवलं. त्यांनी जुन्या अहवालातला चौथ्या पानावरचा फोटो मोठा करून दाखवला. कपाटाच्या वर, छताच्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढा पांढराशुभ्र ठिपका, आणि त्याच्या कडेला चहाच्या डागासारखी फिकट पिवळी रेघ. जुनी ओल नव्या रंगानं झाकलेली. तो फोटो तपासणाऱ्या माणसानंच काढला होता. खूण त्याच्या कॅमेऱ्यात होती, अहवालात नव्हती. ‘फर्निचरमागे पाहिलं नाही’ ही ओळ इथे तोकडी पडली.

तेव्हा आपला अहवाल शब्दांआधी फोटोंपासून वाचा.

पायरी ६ : कोणावर जायचं

घर नवं असेल, बिल्डरकडून घेतलेलं, तर तपासणाऱ्यापेक्षा बिल्डरचा रस्ता मजबूत आहे. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला तर बिल्डरनं ३० दिवसांत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रारीची फी ५,००० रुपये आहे. कोल्हापुरात छोट्या प्लॉटवरची सहा-आठ फ्लॅटची अपार्टमेंट खूप असतात. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅटच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. तिथे बिल्डरविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं.

जुनं घर खासगी माणसाकडून घेतलं असेल तर त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालय. स्वतःचं राहतं घर विकणारा माणूस ग्राहक कायद्याच्या अर्थानं सेवा देणारा नसतो. दिवाणी दावा लांबतो आणि फसवणूक सिद्ध करणं जड जातं. लेखी उत्तरं नसतील तर वकिलाशी खर्चाचा हिशेब करूनच उतरा. आम्ही नोटीस पाठवून थांबलो.

तपासणाऱ्या फर्मविरुद्ध जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. रागाच्या भरात सगळ्यांना एकाच तक्रारीत ओढू नका, ती तिथेच अडकते. आणि वाद चालू असताना फर्मबद्दल फेसबुकवर लिहू नका.

पायरी ७ : तक्रार

जिल्हा आयोगाचं अधिकारक्षेत्र तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. मर्यादा ५० लाखांची आहे आणि तपासणीची फी हजारांत असते, त्यामुळे प्रकरण जिल्ह्यातच राहतं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः मांडता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलीत तर काही वेळा फर्म तिथेच बोलणी करते.

मुदत दोन वर्षांची, वादाचं कारण घडल्यापासून. अहवालाच्या तारखेपासून की दोष दिसल्यापासून, यावर फर्म भांडणारच. अहवालाच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करा, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. तक्रारीसह आयोगाची नोटीस मिळाल्यापासून फर्मला उत्तराला ३० दिवस आणि वाढीव १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० साली ठरवून दिलं आहे. तेवढी तारीख डायरीत लिहून ठेवा.

तक्रारीत रकमेचा हिशेब नीट द्या. ‘मानसिक त्रासाबद्दल दहा लाख’ लिहून काही होत नाही. अहवाल खरा असता तर तुम्ही काय केलं असतं, हे दाखवा. भाव कमी करून मागितला असता? घर सोडलं असतं? आमच्याकडे एक व्हॉट्सअॅप होतं, अहवाल आल्यावर यजमानांनी एजंटला पाठवलेलं, ‘रिपोर्ट चांगला आहे, तुमच्या भावाला तयार आहोत.’ दुरुस्तीच्या बिलांपेक्षा या ओळीनं जास्त काम केलं, कारण अहवालावर विसंबूनच आम्ही ती किंमत मोजली हे त्यातून दिसत होतं.

आयोग मध्यस्थीला पाठवू शकतो, दोन्ही बाजूंच्या संमतीनं. जा. आमचं तिथेच मिटलं. दुरुस्तीला १,१५,००० रुपये लागले होते. फर्मनं फी परत केली आणि वर ६०,००० दिले. सगळे पैसे मिळाले नाहीत, कारण कपाट हलवायला आम्हीही सांगितलं नव्हतं, आणि हे मध्यस्थांनी समोर ठेवलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडजोडीच्या कागदावर पैसे कोणत्या तारखेपर्यंत आणि उशीर झाला तर व्याज किती, हे लिहून घ्या.

मिटलं नाही आणि निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपिलाची मुदत आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवस. फर्म अपिलात गेली तर तिला आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. आदेशाची प्रमाणित प्रत लगेच काढा, आणि मूळ अहवाल, तपासणीआधीचं पत्र, बिल आणि पाकिटावरच्या शिक्क्यासकट स्पीड पोस्टाच्या पोचपावत्या एकाच फायलीत ठेवा.